छातीतली मोठी शीर बंद पडली तेव्हा: एकाच पेशंटमध्ये दोनदा अडथळा, दोन वेगळे उपचार

पेशंट ५८ वर्षांचे गृहस्थ, बरीच वर्षं सिगारेट ओढणारे, आणि तक्रार काय तर सकाळी उठलं की तोंड सुजलेलं असतं. डोळ्यांखाली फुगलेलं, गाल जड, दुपारपर्यंत जरा उतरायचं म्हणून दोन आठवडे तसेच काढले. आधी ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, मग किडनीची शंका आली म्हणून लघवी आणि क्रिएटिनिन तपासलं, तेही नॉर्मल. तिसऱ्या आठवड्यात शर्टाचं वरचं बटण लागेना, बुटाची नाडी बांधायला वाकलं की डोकं गच्च होऊन डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली आणि रात्री आडवं झालं की धाप. तेव्हा कुठे छातीचा एक्सरे निघाला आणि उजव्या बाजूला वरती सावली दिसली.

आधीच सांगून ठेवतो, हे कुणा एका माणसाचं प्रकरण नाही, अशा पेशंटमध्ये जे नेहमी दिसतं ते एकत्र करून मांडलंय, म्हणजे कुणाची ओळखही उघड होत नाही आणि उपचाराचे बहुतेक सगळे पर्याय एकाच गोष्टीत बघता येतात. आणि हे लिहायचं कारण एकच, की या आजारात लोक (आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा) शिरेकडेच बघत बसतात, शीर बंद आहे ना मग उघडा, पण खरा निर्णय शीर कशाने बंद झाली आणि किती झपाट्याने बंद झाली या दोन गोष्टींवर होतो. या पेशंटची तीच शीर दोनदा बंद झाली आणि दोन्ही वेळी उत्तर वेगळं होतं.

तपासताना काय दिसलं ते सांगतो कारण ते दिसलं की निदान निम्मं झालंच. चेहरा लालसर-निळसर आणि सुजलेला, गळ्याच्या शिरा टरारून फुगलेल्या, आणि उठून बसवलं तरी त्या रिकाम्या होत नव्हत्या. छातीच्या वरच्या भागावर बारीक निळ्या शिरांचं जाळं, आधी कधी नव्हतं असं ते स्वतःच म्हणाले. दोन्ही हात सुजलेले, अंगठी निघत नव्हती, पण पाय एकदम ठीक. ही पायांची गोष्ट महत्त्वाची आहे, किडनी किंवा हार्टमुळे पाणी साठलं असतं तर चालत्या-फिरत्या माणसाच्या पायांवर ते आधी दिसलं असतं, इथे सगळं फक्त छातीच्या वर. दोन्ही हात कानाला लावून वर धरायला सांगितले तर मिनिटभरातच चेहरा जांभळा पडायला लागला आणि ते म्हणाले, "डॉक्टर, पुरे, डोकं फुटेल असं वाटतंय." या खुणेला पेम्बर्टनची खूण म्हणतात, करायला एक मिनिट लागतं आणि कुठलंच मशीन लागत नाही.

आता ही शीर कोणती. डोकं, मान, दोन्ही हात आणि छातीचा वरचा भाग इथलं सगळं अशुद्ध रक्त गोळा करून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणून सोडणारी सुपिरियर व्हेना कावा, सगळे तिला एसव्हीसी म्हणतात. लांबी साधारण ७ सेंटिमीटर, रुंदी २ सेंटिमीटरच्या आसपास, आणि हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या तिच्यातून जातो. भिंत पातळ, आतला दाब अगदी कमी, आणि आजूबाजूला सगळं टणक सामान, पुढे छातीचं हाड, शेजारी श्वासनलिका आणि उजव्या फुप्फुसाची नळी, महाधमनी, आणि चारी बाजूंनी लिम्फ नोड. त्यामुळे त्या जागेत काहीही वाढलं की सगळ्यात आधी दबते ती हीच. गळ्याच्या शिरांमधला दाब एरवी २ ते ८ मिलिमीटर (पाऱ्याचे, बीपी मोजतात तसे) असतो, एसव्हीसी बंद झाली की तो २० ते ४० पर्यंत चढतो. वाकल्यावर, आडवं झाल्यावर, हात वर केल्यावर त्रास वाढतो तो यामुळेच.

पण शरीर गप्प बसत नाही. ॲझायगस नावाची एक शीर मणक्याच्या बाजूने वर येऊन एसव्हीसीला मागून मिळते, ती, शिवाय छातीच्या भिंतीतल्या, बरगड्यांच्या आतल्या, मणक्याभोवतीच्या, अन्ननलिकेभोवतीच्या शिरा हळूहळू रुंद होतात आणि रक्त वळसा घेऊन खालच्या मोठ्या शिरेतून हृदयात पोचायला लागतं. या वाटा मोकळ्या व्हायला आठवडे लागतात. म्हणून अडथळा हळूहळू वाढत गेला तर शीर जवळजवळ पूर्ण बंद असूनही माणूस चालत-बोलत येतो, आणि तोच अडथळा चार दिवसांत झाला तर जीवावर येतं. अडथळा नेमका कुठे आहे यानेही फरक पडतो, ॲझायगस जिथे मिळते त्याच्या वर असेल तर ॲझायगस बरंच सांभाळून घेते, त्याच्या खाली म्हणजे हृदयाच्या बाजूला असेल तर रक्ताला पार खाली पोटाकडे उतरून परत यावं लागतं आणि त्रास जास्त होतो. सीटी बघताना मी तरी हे सगळ्यात आधी बघतो.

आजार जुना आहे. विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये सिफिलिसमुळे महाधमनीला आलेल्या फुगवट्याने ही शीर दाबलेला पेशंट नोंदवला होता. पुढे बराच काळ सिफिलिस आणि टीबी हीच मोठी कारणं होती, अँटिबायोटिक आल्यावर ती मागे पडली आणि कॅन्सर पुढे आला, आता बहुसंख्य केसमध्ये कारण कॅन्सरच असतं आणि त्यातही फुप्फुसाचा कॅन्सर आणि लिम्फोमा (लिम्फ नोडमधल्या पेशींचा कॅन्सर) मिळून बहुतेक सगळं येतं. मात्र डायलिसिसचे कॅथेटर, किमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेले पोर्ट, पेसमेकरच्या वायरी यांचा वापर वाढला तसा कॅन्सर नसलेल्या केसचा वाटाही चांगलाच वाढलाय.

पहिल्या वेळेकडे येऊ. कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या सीटीत श्वासनलिकेच्या उजवीकडे साडेसहा सेंटिमीटरची गाठ, एसव्हीसी दाबून नुसती चीर उरलेली, आत गुठळी नाही, ॲझायगस चांगली फुगलेली, श्वासनलिका मात्र गोल आणि मोकळी. रक्तात सोडियम १२७, म्हणजे कमीच. त्रास किती गंभीर आहे हे ठरवायला २००८ मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडलेली ० ते ५ अशी श्रेणी वापरतात, ० म्हणजे फक्त स्कॅनवर दिसतंय पण त्रास नाही, ५ म्हणजे मृत्यू. आपल्या पेशंटला डोकेदुखी आणि वाकल्यावर अंधारी, म्हणजे श्रेणी ३. श्रेणी ४ मध्ये गोंधळलेलं डोकं, झोपाळलेपण, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज, वाकणं वगैरे काही केलेलं नसतानाही येणारी भोवळ किंवा घसरलेलं बीपी, ते इथे नव्हतं. आणि हाच फरक पुढचं सगळं ठरवतो.

पूर्वी काय करायचे तर एसव्हीसी बंद दिसली की रात्रीच्या रात्री रेडिएशन, बायोप्सी नंतर बघू. १९८४ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आढाव्याने या घाईवर प्रश्नचिन्ह लावलं, कारण जुन्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की नुसत्या शिरेच्या अडथळ्याने पेशंट तडकाफडकी दगावणं फार क्वचित होतं, आणि घाईने दिलेल्या रेडिएशनमुळे गाठीतल्या पेशी अशा बदलायच्या की नंतर बायोप्सीत नेमका कुठला कॅन्सर ते कळेचना. मला विचाराल तर या आजारातला हा सगळ्यात मोठा धडा आहे. श्वास आणि मेंदू सुरक्षित असतील तर आधी तुकडा घ्या, एक-दोन दिवस थांबायला परवडतं.

तरी घरच्यांना हे पटवणं सोपं नसतं. त्यांची बायको दर दोन तासांनी येऊन विचारायची, "डॉक्टर, चेहरा एवढा सुजलाय आणि तुम्ही अजून औषध चालू केलं नाही?" त्यांना सगळं उलगडून सांगावं लागलं, "ताई, चेहरा बघून भीती वाटते ते खरंय, पण आम्ही त्यांचा श्वास आणि शुद्ध यावर लक्ष ठेवून आहोत. गाठ कसली आहे ते कळलं की औषध नेमकं लागू पडेल, आणि मधे काही बिघडलं तर लगेच करायचा दुसरा उपाय तयार आहे."

आणि औषध नाही म्हणजे काहीच नाही असं नव्हतं. पलंगाची डोक्याकडची बाजू ४५ अंशांपर्यंत वर. दोन्ही हातांवर सलाईन बंद, सुई पायाच्या शिरेत, कारण हातातून दिलेलं पाणी त्याच अडलेल्या शिरेकडे जाणार, सूज वाढणार आणि औषध हृदयापर्यंत पोचायला वेळ लागणार. वॉर्डात रात्रपाळी बदलली की कुणीतरी सवयीने हातालाच सुई लावतं, म्हणून दोन्ही मनगटांवर पट्टी बांधून त्यावर लिहून ठेवलं होतं, हे छोटं काम फार उपयोगी पडतं. लघवी वाढवणारी इंजेक्शनं सर्रास देतात, त्यांचा इथे नक्की किती फायदा होतो याचा पुरावा कमजोर आहे, आणि या पेशंटचं सोडियम आधीच कमी होतं म्हणून ती टाळली. सोडियमबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर स्वतःच असं हार्मोन सोडतो की शरीरात पाणी साठून सोडियम पातळ होतं, आणि सोडियम फार घसरलं तरी माणूस बरळायला लागतो, ते मेंदूच्या सुजेमुळे आहे असं समजून भलतीकडे धावपळ होऊ शकते. स्टेरॉइडसुद्धा मुद्दाम थांबवलं. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने गाठ इतकी पटकन वितळते की बायोप्सीत निदान हुकू शकतं. तुकडा घेतल्यावर स्टेरॉइड द्यायला हरकत नाही, लिम्फोमा आणि थायमोमात (छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीची गाठ) ते खरंच काम करतं, किंवा रेडिएशन देताना श्वासनलिका सुजेल अशी भीती असेल तेव्हा देतात.

तुकडा कुठून घ्यायचा हा पुढचा प्रश्न. छातीत शिरून घ्यायचा तर शिरा फुगलेल्या, रक्तस्राव जास्त, आणि भूल दिली की गाठीच्या वजनाने श्वासनलिका दबायची भीती. म्हणून नेहमी सगळ्यात वरवरची, सगळ्यात सोपी जागा शोधायची. उजव्या कॉलर बोनच्या वर बोटाला लागणारी एक गाठ होती, पेशंटला अर्धवट बसवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत जाड सुईने तीन तुकडे काढले आणि दहा मिनिटं दाबून धरलं. तेवढ्यात काम झालं. जिथे अशी गाठ नसते तिथे फुप्फुसाभोवतीचं पाणी, दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडून घेतलेली सुई, किंवा सीटीत बघून घेतलेली सुई असे मार्ग असतात.

रिपोर्ट दोन दिवसांत आला, स्मॉल सेल. पेट स्कॅनमध्ये आजार छातीच्या एका बाजूपुरता आणि त्या कॉलर बोनच्या गाठीपुरताच, मेंदूचा एमआरआय स्वच्छ, म्हणजे लिमिटेड स्टेज.

आता खरी चर्चा. एक बाजू म्हणत होती आधी स्टेंट टाका, म्हणजे शीर आतून उघडी धरणारी धातूची जाळी. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, स्टेंटने आराम सगळ्यात लवकर मिळतो, डोकेदुखी तर काही तासांत जाते, चेहरा एका दिवसात आणि हात दोन-तीन दिवसांत उतरतात, आणि स्टेंटमुळे पुढच्या कुठल्याच उपचाराची वाट बंद होत नाही. २००२ मध्ये आलेल्या एका पद्धतशीर आढाव्यात स्टेंटने सुमारे ९५ टक्के पेशंटना आराम पडल्याचं दिसलं होतं, किमो किंवा रेडिएशनने स्मॉल सेलमध्ये सुमारे ७७ टक्के आणि नॉन स्मॉल सेलमध्ये (फुप्फुसाच्या कॅन्सरचा दुसरा मोठा प्रकार) सुमारे ६० टक्के. नुसते आकडे पाहिले तर स्टेंटच.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा असा की स्मॉल सेल हा किमोला इतका झपाट्याने ऐकणारा कॅन्सर आहे की बहुतेकांचा चेहरा एक ते दोन आठवड्यांत उतरतोच, आणि इथे आजार लिमिटेड आहे म्हणजे बरं करण्याच्या उद्देशाने किमो आणि रेडिएशन दोन्ही द्यायचेच आहेत. गाठ आक्रसली की बाहेरून दबलेली शीर आपोआप मोकळी होणार, मग आयुष्यभर आत राहणारी धातूची जाळी कशाला, जिच्यात गुठळी होऊ शकते, जी सरकू शकते. आत गुठळी नव्हती, श्वासनलिका मोकळी होती, बायपासच्या वाटा तयार झालेल्या होत्या. मला हीच बाजू पटली आणि शेवटी तसंच ठरलं, पण एका अटीवर, की इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाल्यांना (स्कॅनवर बघत शिरेतून नळी घालून स्टेंट बसवणारे डॉक्टर) सगळे स्कॅन आधीच दाखवून ठेवायचे आणि घशातून आवाज, गुंगी, न वाकता चक्कर यातलं काहीही दिसलं किंवा आठवड्यात काहीच फरक पडला नाही तर त्याच दिवशी स्टेंट. हा दुसरा प्लॅन कागदावर लिहिलेला असणं फार गरजेचं, नाहीतर नेमकं रात्री बिघडतं आणि कुणाला काय करायचं ते माहीत नसतं.

किमो दुसऱ्याच दिवशी चालू झालं, पायाच्या शिरेतून. एरवी इथे सिस्प्लॅटिन देतात पण त्याच्याबरोबर बरंच सलाईन चढवावं लागतं, सुजलेल्या माणसाला ते नको म्हणून पहिल्या सायकलला कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड. मोठ्या गाठीतल्या पेशी एकदम फुटल्या की पोटॅशियम आणि युरिक ॲसिड वाढून किडनी बिघडू शकते, त्यासाठी रक्ताच्या तपासण्या सकाळ-संध्याकाळ. पायाच्या शिरेत सुई असताना पायात गुठळी होऊ नये हेही बघावं लागतं. चौथ्या दिवशी ते म्हणाले डोकं हलकं वाटतंय, बाहेरून काहीच फरक दिसत नव्हता. आठव्या दिवशी गळ्याचं बटण लागलं. दुसऱ्या सायकलबरोबर रेडिएशन सुरू झालं आणि तोपर्यंत ते सपाट झोपू शकत होते, रेडिएशनच्या टेबलवर सपाट झोपता येणं हीसुद्धा अट असतेच, ज्यांना ते जमतच नाही त्यांच्यासाठी आधी स्टेंट हा अगदी योग्य विचार आहे.

इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. सूज उतरली म्हणजे शीर पूर्ण उघडली असं नाही. उपचारानंतर बरे वाटणाऱ्या कितीतरी पेशंटमध्ये शीर अर्धवट बंदच असते आणि काम बायपासच्या शिरा करत असतात. आपल्या पेशंटच्या शेवटच्या स्कॅनमध्ये शीर बऱ्यापैकी उघडली होती पण पूर्वीच्या रुंदीला आलीच नाही, भिंत रेडिएशनने कडक आणि जागा अरुंद राहिलेली. पुढे काय झालं त्याचं बीज यातच होतं.

उपचार संपल्यावर काही महिने छान गेले. मग एका सोमवारी चेहरा जरा जड वाटला, बुधवारी डोळ्यांच्या पापण्या उघडेनात, गुरुवारी आवाज घोगरा झाला आणि शुक्रवारी ते खुर्चीत बसल्या बसल्या बेशुद्ध पडले, मिनिटभराने शुद्धीवर आले. हॉस्पिटलला आणलं तेव्हा श्वास आत घेताना घशातून बारीक आवाज येत होता. चार-पाच दिवसांचाच खेळ. ही श्रेणी ४.

स्कॅनमध्ये गाठ परत आलेली, पहिल्यापेक्षा लहानच, पण आधीच अरुंद असलेल्या एसव्हीसीत आता ताजी गुठळी बसलेली आणि ती उजव्या ब्रॅकिओसेफॅलिक शिरेपर्यंत (उजवा हात आणि डोक्याकडून एसव्हीसीत येणारी शीर) चढलेली. आता पर्याय मोजू. रेडिएशन? त्या जागेला पूर्ण डोस आधीच झालेला, परत द्यायचं म्हटलं तरी मर्यादित, आणि पहिले काही दिवस सूज उलट वाढू शकते. किमो? परतलेल्या स्मॉल सेलवर दुसऱ्या फळीची औषधं आहेत पण ती पहिल्याइतकी खात्रीची नाहीत, आणि जो माणूस आज रात्री श्वास घेऊ शकेल की नाही याची शंका आहे त्याला दोन आठवड्यांचा उपाय काय कामाचा. नुसतं रक्त पातळ करणारं औषध? गुठळी वाढू नये म्हणून हवंच, पण बसलेली गुठळी त्याने आज जाणार नाही. म्हणजे स्टेंट, आणि आजच. इथे निदान आधीपासून माहीत होतं, त्यामुळे बायोप्सीसाठी थांबायचा प्रश्नच नव्हता. (निदान माहीत नसलं तरी श्रेणी ४ मध्ये थांबत नाहीत, आधी शीर उघडायची, तुकडा नंतर, आणि स्टेंटने पेशी बदलत नाहीत त्यामुळे निदान हुकतही नाही.)

स्टेंटसाठी नेण्याआधी मेंदूचा स्कॅन परत झाला. कारण गुठळी विरघळवणारं औषध द्यायची वेळ आली आणि मेंदूत कॅन्सरची गाठ असली तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, आणि स्मॉल सेल मेंदूत जायला फार आवडीने जातो. स्कॅन स्वच्छ निघाला तरी विरघळवणारं औषध न वापरता गुठळी नळीने ओढून काढायचं ठरलं, ते लवकर होतं आणि रक्तस्रावाची भीती कमी.

कॅथ लॅबमध्ये पूर्ण भूल दिली नाही. छातीत गाठ, घशाला सूज, अशा माणसाला गाढ झोपवलं की श्वासाची वाट हातातून जाऊ शकते. टेबल डोक्याकडून उंच करून, भूलतज्ज्ञ शेजारी तयार उभे, आणि जांघेत फक्त जागा बधिर. उजव्या जांघेच्या शिरेतून सोनोग्राफीत बघत नळी घातली, हातातूनही एक छोटी नळी, दोन्हीकडून कॉन्ट्रास्ट सोडून अडथळ्याची वरची आणि खालची हद्द बघून घेतली. हेपॅरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, दिलं. मग एक निसरडी वायर अडथळ्यातून पार करायची, हा सगळ्यात कठीण भाग, कधीकधी खालून जात नाही म्हणून वरून गळ्याच्या किंवा हाताच्या शिरेतून यावं लागतं. इथे खालूनच गेली. पार झालेली वायर खरंच शिरेत आहे, भिंतीत घुसलेली नाही, याची दोन कोनांतून खात्री करूनच पुढे, यात कुणी घाई केली तर मला फार धास्ती वाटते. गुठळी ओढून काढली, काळपट लांबट तुकडे आले. ८ मिलिमीटरच्या फुग्याने जरा जागा केली आणि मग १४ मिलिमीटर रुंदीचा, ६ सेंटिमीटर लांबीचा, आपोआप उघडणारा स्टेंट बसवला.

मोठा फुगा फुगवून शीर एकदम पूर्ण रुंद करायचा मोह होतो पण करू नये. एसव्हीसीचा खालचा भाग हृदयाभोवतीच्या पिशवीच्या आत असतो, तिथे शीर फाटली तर रक्त पिशवीत साठून हृदयच दाबलं जातं आणि काही मिनिटांत बीपी जातं. म्हणून पिशवीतलं रक्त काढायची सुई आणि कापड लावलेला स्टेंट दोन्ही टेबलावर आधीच हजर हवेत. दोन्ही हातांकडच्या शिरांना स्टेंट लावायची बहुतेक वेळा गरज पडत नाही, एक बाजू नीट उघडली की दुसरी बाजू मानेतल्या जोडशिरांमधून तिच्यात रिकामी होते, आणि दोन्हीकडे लावले तर गुंतागुंत वाढते. उघडल्यावर अडलेलं बरंच रक्त एकदम हृदयाकडे येतं, त्यामुळे फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून त्या रात्री सलाईन अगदी हात राखून.

टेबलवरच ते म्हणाले, "डोक्यातलं ओझं गेलं." घशातला आवाज रात्रीतून थांबला, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे पूर्ण उघडले होते आणि मुलगा आल्यावर म्हणाला, "बाबा, आज तुमचा चेहरा तुमचा वाटतोय."

याच जागी कारण वेगळं असतं तर मार्गही वेगळा. लिम्फोमा असता तर पहिल्या वेळेसारखंच, तुकडा घ्या आणि किमो चालू करा, स्टेंटची वेळ क्वचितच येते, फक्त त्यातली काही औषधं शिरेबाहेर गळली तर कातडी जाळतात म्हणून पायातल्या बारीक शिरेतून देताना फार जपावं लागतं. नॉन स्मॉल सेल असता तर स्टेंटचा विचार बराच आधी, कारण किमो-रेडिएशनने आराम उशिरा आणि कमी जणांना मिळतो, मात्र गाठीच्या जनुकांत इजीएफआर किंवा एएलके सारखा बदल सापडला तर गोळ्यांनीही गाठ पटकन आक्रसू शकते. थायमोमा काढता येण्यासारखा असेल तर सर्जन शिरेचा भाग गाठीबरोबर काढून तिथे नवी नळी बसवतात.

पोर्ट किंवा कॅथेटरमुळे ताजी गुठळी असेल तर रक्त पातळ करायचं औषध हा पाया, आणि ते कॅथेटर लागतंय का हा प्रश्न, लागत नसेल तर काढा, लागत असेल आणि नीट चालत असेल तर औषधाच्या आडोशाने ठेवताही येतं. पेसमेकरच्या वायरीभोवती शीर आकसली तर वायरी तशाच ठेवून वरून स्टेंट टाकला की त्या कायमच्या भिंतीत चिरडल्या जातात, म्हणून शक्य असेल तिथे आधी वायरी काढणं, मग स्टेंट, मग नव्या वायरी. डायलिसिसवाल्यांचं सगळ्यात अवघड, हातातल्या फिस्टुलामुळे (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) त्या अडलेल्या शिरेकडे जोरात रक्त येत असतं आणि फुग्याने उघडलेली शीर परत परत आकसते, त्यांना वारंवार यावं लागतं.

छातीच्या मधल्या भागात नुसते जखमेच्या वणासारखे कडक पदर साठून शीर आवळली गेली असेल, माणूस तरुण असेल, पुढे अनेक वर्षं जगायची असतील, तर ऑपरेशन हा खरा पर्याय. मांडीतली शीर काढून, ती उभी चिरून, नळीभोवती पिळासारखी गुंडाळून शिवतात आणि तिची जाड नळी बनवून अडथळ्याच्या वरून थेट हृदयाच्या कप्प्याला जोडतात. मोठं ऑपरेशन आहे, पण नीट झालं तर वर्षानुवर्षं चालतं. आता तिथेही बहुतेक जण आधी स्टेंट करून बघतात आणि तो परत परत बंद पडला तर ऑपरेशनकडे जातात.

आपल्या पेशंटला रक्त पातळ करायचं औषध चालू ठेवलं, कारण आत गुठळी होती. गुठळी नसताना नुसत्या स्टेंटनंतर ते किती दिवस द्यायचं यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, कुणी गुठळी होऊ न देणाऱ्या दोन वेगळ्या गोळ्या काही महिने देतं, कुणी एकच. घरच्यांबरोबर बसून हेही मोकळेपणाने बोललो की पहिल्या वेळी आजार बरा करायचा प्रयत्न होता, यावेळी तसं सांगता येणार नाही, पण सपाट झोपता यावं, श्वासाचा त्रास नसावा आणि पुढचं औषध घेण्याइतकी ताकद राहावी यासाठी स्टेंट टाकलाय. बायकोने विचारलं, परत बंद होईल का. होऊ शकतो, गाठ जाळीतून आत वाढते किंवा परत गुठळी होते, त्या २००२ च्या आढाव्यात सुमारे ११ टक्के लोकांमध्ये अडथळा परतला होता, पण बऱ्याचदा तो पुन्हा उघडताही येतो. म्हणून सांगून ठेवलं, चेहरा किंवा हात परत सुजला तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी या. स्टेंटची माहिती लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवायचं आणि गळ्यातून किंवा छातीतून कुणी मोठी नळी घालायला निघालं तर आधी ते दाखवायचं, नाहीतर वायर जाळीत अडकते. पाचव्या दिवशी दुसऱ्या फळीचं किमो चालू झालं, यावेळी डाव्या हाताच्या शिरेतून, कारण आता त्या बाजूचं रक्त नीट खाली उतरत होतं.